नाव, बापाचं नाव, अंगावरची खूण

पोर्ट लुईच्या बंदरालगत काळ्या दगडाच्या सोळा पायऱ्या आहेत. चढायला अर्धं मिनिट पुरतं. मी दोनदा चढलो, दोन्ही वेळा मोजत. आपल्याकडच्या एखाद्या नदीकाठाला शोभतील अशा या पायऱ्या, आणि नावही घाटाचंच: आप्रवासी घाट. आपल्या घाटांवरून माणसं पाण्यात उतरतात. इथे ती पाण्यातून वर आली.

१८३४ ते १९२० या काळात जवळपास साडेचार लाख माणसं हिंदुस्थानातून मजुरीच्या करारावर मॉरिशसला आली. त्यांच्यासाठी १८४९ मध्ये इथे डेपो उभा राहिला. होडीतून उतरायचं, पायऱ्या चढायच्या, दोन दिवस आवारात राहायचं आणि मग मळेवाला नेईल तिकडे जायचं. मूळ आवारापैकी आज थोडाच भाग उरला आहे. २००६ साली युनेस्कोने त्याला जागतिक वारशाचा दर्जा दिला.

या दोन दिवसांत एक कारकून वही उघडून बसायचा. वहीत रकाने आखलेले असत. नाव. बापाचं नाव. वय. जात. उंची. अंगावरची खूण. जिल्हा, परगणा, गाव. कोणत्या जहाजाने आला. आणि सर्वांत महत्त्वाचा, त्याला मिळालेला क्रमांक. सांगणारा भोजपुरीत, तमिळमध्ये, तेलुगूत किंवा मराठीत सांगायचा. लिहिणारा रोमन अक्षरांत, कानाला लागेल तसं लिहायचा. गोंदण, देवीचे व्रण, कोयत्याची जुनी जखम हे सगळं ‘खूण’ या रकान्यात जायचं, कारण माणूस पळाला तर ओळखायला तेच उपयोगी पडणार होतं.

मॉरिशसमध्ये हिंडताना या वहीने माझा पिच्छा सोडला नाही. किल्ले, पुतळे, साखर कारखान्यांची धुरांडी या वसाहतीच्या खुणा सहज दिसतात. वही दिसत नाही. पण आडनाव उच्चारलं, निवडणुकीचा अर्ज भरला, की कुठेतरी तिचं पान फडफडतं.

मूळ रहिवासी नसलेला देश

हे बेट रत्नागिरी जिल्ह्याच्या पाव भागाहूनही लहान आहे. लोकसंख्या साडेबारा लाखांच्या आसपास. वसाहतवादाची गोष्ट आपण नेहमी एका ठरावीक क्रमाने सांगतो: आधी आपण होतो, मग ते आले, मग ते गेले. मॉरिशसला यातलं पहिलं वाक्यच नाही. युरोपीय आले तेव्हा इथे माणूस नव्हता. आबनुसाची जंगलं होती, कासवं होती आणि उडता न येणारा डोडो होता.

बेटालाही स्वतःचं नाव नव्हतं, येणाऱ्याने ठेवलं ते नाव. अरब खलाशांना ते ठाऊक होतं, पण त्यांनी वस्ती केली नाही. सोळाव्या शतकात पोर्तुगीज येऊन गेले. या द्वीपसमूहाला आजही मस्कारेन म्हणतात, ते पेद्रू मस्करेन्यश या दर्यावर्दीच्या नावावरून. हाच पुढे गोव्यात पोर्तुगिजांचा व्हाइसरॉय झाला आणि १५५५ साली गोव्यातच वारला. १५९८ मध्ये डच उतरले आणि त्यांनी आपल्या राजपुत्र मॉरिट्सचं नाव बेटाला दिलं. १६३९ मध्ये जावाहून ऊस आणला तोही त्यांनीच. सत्तर-बहात्तर वर्षांत आबनूस तोडून, डोडो संपवून ते १७१० साली निघून गेले. १७१५ मध्ये फ्रेंचांनी ताबा घेतला आणि बेट ‘इल द फ्रान्स’ झालं. डिसेंबर १८१० मध्ये इंग्रजांनी ते जिंकलं आणि पुन्हा मॉरिशस केलं.

इंग्रजांनी शरणागतीच्या तहात एक गोष्ट मान्य केली: फ्रेंच मळेवाल्यांचे कायदे, धर्म, चालीरीती तशाच राहतील. झेंडा बदलला, पण मालक तेच राहिले. म्हणून आजही संसदेची भाषा इंग्रजी आहे, वर्तमानपत्रं बहुतांशी फ्रेंच आहेत, आणि चलन रुपया आहे, कारण हिंदुस्थानातून मजुरांबरोबर रुपयाही आला होता. इथल्या माणसाला वसाहतीच्या आधीच्या कुठल्या सुवर्णकाळाकडे परतायचं म्हटलं तरी परतायला जागा नाही. वसाहतीने या लोकांवर राज्य तर केलंच, पण त्याआधी त्यांना इथे आणून ‘लोक’ही तिनेच केलं.

वहीच्या आधीची माणसं

बेटाच्या नैर्ऋत्य टोकाला ल मॉर्न हा डोंगर समुद्रातून सरळसोट वर आलेला आहे. तीन बाजूंनी कडे, पायथ्याशी निळंहिरवं पाणी. आपल्या सह्याद्रीतला एखादा सुळका समुद्रात नेऊन रोवावा तसा. मोझांबिक, मादागास्कर आणि काही प्रमाणात हिंदुस्थानातूनही पकडून आणलेले गुलाम मळ्यांतून पळून इथल्या कपारींत लपत. लोकांच्या तोंडी असलेली कथा अशी: १ फेब्रुवारी १८३५ ला गुलामगिरी संपली, आणि ही बातमी सांगायला शिपायांची तुकडी डोंगराकडे निघाली. वरच्यांना वाटलं, पकडायला आले. त्यांनी कड्यावरून उड्या टाकल्या. कथेला कागदाचा आधार किती, हा वाद बाजूला ठेवला तरी तिच्यातलं सत्य बोचतं. सरकारी माणूस सुटकेची बातमी घेऊन येईल, यावर विश्वास ठेवायचं त्या लोकांना काहीच कारण नव्हतं.

गुलामांची नावंही कुणीतरी लिहिली होती, पण ती त्यांची नव्हती. मालक वारांची, महिन्यांची, ग्रीक-रोमन देवतांची नावं ठेवत. कधी निव्वळ थट्टेची. बापाच्या नावाचा रकानाच नव्हता, कारण गुलाम ही मालमत्ता होती आणि मालमत्तेला बाप नसतो. मुक्तीच्या वेळी ब्रिटिश सरकारने भरपाई दिली ती मालकांना. सुमारे ६६,००० गुलामांपोटी मॉरिशसच्या मालकांना २० लाख पौंडांहून जास्त रक्कम मिळाली. सुटलेल्यांना छदामही नाही. उलट त्यांना आणखी चार वर्षं ‘उमेदवार’ म्हणून त्याच मालकांकडे राबवलं गेलं.

गिरमिट

मळ्यांना हात हवे होते. २ नोव्हेंबर १८३४ ला ‘अॅटलस’ जहाजातून कोलकात्याहून ३६ मजूर उतरले. गुलामगिरीऐवजी करार, म्हणजे ‘अॅग्रीमेंट’, म्हणजेच गिरमिट. पाच वर्षांची बोली, महिन्याला पाच रुपये आणि शिधा. एक दिवस खाडा झाला की दोन दिवसांची मजुरी कापायची, असा दुहेरी कापणीचा नियम होता. भोजपुरी बोलणाऱ्यांनी या बेटाला ‘मिरीच देश’ म्हटलं. तिथे दगड उलटला की खाली सोनं सापडतं, असं त्यांना सांगितलं होतं म्हणे. उसाच्या शेतात आजही काळ्या दगडांचे मोठमोठे ढीग दिसतात. रान साफ करताना मजुरांनी एकेक दगड उचलून ते रचले. दगड त्यांनी खरोखरच उलटले, पण खाली होती फक्त दुसऱ्याच्या उसाची जमीन. अभिमन्यू अनत यांची ‘लाल पसीना’ ही हिंदी कादंबरी याच माणसांची आहे.

१८६० च्या दशकात वहीला छायाचित्र जोडलं गेलं. १८६७ च्या कायद्याने करार संपलेल्या जुन्या मजुरालाही फोटोचा परवाना जवळ बाळगणं भाग पडलं. परवाना नसेल तर भटका ठरवून तुरुंग. ते फोटो मी पाहिले. कुणीच हसत नाही, कुणाची नजर ढळत नाही. सरकारने ते ओळख पटवण्यासाठी काढले, पण कित्येक घराण्यांसाठी आज तेवढाच पूर्वजाचा चेहरा उरला आहे.

या कागदी जगाला पहिलं उत्तर कागदानेच मिळालं. १८७१ साली आडोल्फ द प्लेव्हिट्झ या गोऱ्या मळेवाल्याने जुन्या मजुरांच्या वतीने अर्ज तयार केला. त्यावर ९,४०१ जणांच्या सह्या आणि खुणा होत्या. मळेवाले खवळले, पण लंडनला चौकशी आयोग पाठवावा लागला. ज्यांच्याविषयी आजवर दुसरेच लिहीत होते, त्या माणसांनी स्वतःविषयी काही लिहून देण्याची ही मोठी वेळ होती.

आपली माणसं

मुंबई बंदरातून गेलेल्यांचा वाटा कोलकाता आणि मद्रासच्या मानाने लहान होता. पण मुंबई इलाख्याचा संबंध गिरमिटाहून जुना. १८१५ पासून बंगाल आणि मुंबई इलाख्यातले जन्मठेपेचे कैदी रस्ते बांधायला मॉरिशसला पाठवले जात होते. १८३६ मध्ये चार्ल्स डार्विन पोर्ट लुईला उतरला, तेव्हा या हिंदी कैद्यांचं रुबाबदार रूप पाहून चकित झाला आणि तसं त्याने नोंदवून ठेवलं. त्यानंतर रत्नागिरी-सावंतवाडीकडून, घाटावरून मजूर गेले. ब्लॅक रिव्हर, वाकवा या भागांत त्यांनी वस्त्या केल्या.

वहीने त्यांच्या नावांचं जे केलं ते मराठी माणसाला लगेच जाणवतं. कुळाचं, गावाचं ‘कर’ लावलेलं आडनाव रकान्यात बसलं नाही. आज्याचं हाकेचं नावच नातवंडा-पतवंडांचं आडनाव झालं. आपल्याकडे बापू म्हणून हाक मारली की घरातला एक म्हातारा वळून पाहील, तिथे अख्खं घराणं पाहील. स्पेलिंगला फ्रेंच-इंग्रजी वळण लागलं आणि उच्चार त्या वळणावरून निघून गेला.

बाकी जे टिकलं ते वहीबाहेर टिकलं. मॉरिशसमध्ये ‘झाकरी’ नाचतात. कोकणातल्या माणसाला ती जाखडी आहे हे वेगळं सांगायला नको. संध्याकाळच्या बैठकांमधून मुलांना अक्षरओळख झाली. पुढे मराठी भाषा सरकारी प्राथमिक शाळांत ऐच्छिक विषय म्हणून आली, मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत तिचा अभ्यास होऊ लागला, आणि मराठी नाटकांची राष्ट्रीय स्पर्धा सुरू झाली. गणेश चतुर्थीला देशभर सुट्टी असते. विसर्जनाच्या मिरवणुकीत ‘मोरया’चा गजर ऐकून क्षणभर दापोलीत असल्यासारखं वाटतं. गजर थांबतो, माणसं एकमेकांशी बोलू लागतात, आणि ते बोलणं क्रेओलमध्ये असतं.

पोर्ट लुईच्या बाजारात दालपुरी खाल्ली तेव्हाही असंच झालं. पातळ पोळी, आत शिजवून वाटलेली डाळ, म्हणजे पुरणपोळीच. पण घास घेतला की कळतं, गुळाच्या जागी मीठ-जिरं आहे आणि सोबत टोमॅटोची तिखट रुगाय. साखरेच्या बेटावर पुरण तिखटामिठाचं झालं. आपल्याला हरवलेल्या भावंडाचा चेहरा शोधायची घाई असते, म्हणून हे सांगायला हवं. ही माणसं महाराष्ट्राचा सुटलेला तुकडा नव्हेत. त्यांचं मराठीपण त्या बेटावर, भोजपुरी-तमिळ-आफ्रिकी शेजारात घडलं आहे.

चार कप्पे

१२ मार्च १९६८ रोजी मॉरिशस स्वतंत्र झालं. गांधीजींच्या दांडीयात्रेची तारीख मुद्दाम निवडलेली. त्याआधी दोनच महिने राजधानीत जातीय दंगली होऊन ब्रिटिश फौज बोलवावी लागली होती. हातात आलेल्या संविधानाच्या पहिल्या परिशिष्टात लोकसंख्येचे चार कप्पे होते: हिंदू, मुस्लिम, चिनी-मॉरिशियन, आणि या तिन्हींत जो राहणीवरून बसत नाही तो ‘सर्वसाधारण लोकसंख्या’. संसदेत ६२ जागा निवडून येतात आणि वर जास्तीत जास्त आठ जागा कमी प्रतिनिधित्व मिळालेल्या समाजांतल्या पराभूत उमेदवारांना देता येतात. हेतू चांगला होता, कुणी दुर्लक्षित राहू नये हा. पण त्यासाठी उमेदवाराने अर्जावर आपला कप्पा लिहायचा. वहीचा रकाना पुन्हा समोर आला, फक्त आता लेखणी स्वतःच्या हातात.

हिशेबासाठी आकडे मात्र १९७२ च्या जनगणनेचे, कारण त्यानंतर जनगणनेत समाज विचारणं बंद झालं. ज्यांनी कप्पा लिहायला नकार दिला त्यांचे अर्ज बाद झाले. प्रकरण संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीपर्यंत गेलं, आणि २०१२ मध्ये समितीने हा नियम नागरिकांच्या हक्कांशी विसंगत ठरवला.

या चारांत सगळ्यात बोलका कप्पा चौथा. त्यात मळे आणि कारखाने बाळगून असलेली गोरी फ्रेंच घराणी आहेत आणि त्यांच्याच मळ्यांवर राबलेल्या गुलामांचे वंशजही. चाबूक धरणारा आणि चाबूक खाणारा एका खान्यात, कारण दोघेही उरलेले. हिंदू म्हटलेल्या कप्प्यातही कुरबूर आहेच. मराठी, तमिळ, तेलुगू समाज आपली मोजणी वेगळी मागत आले. १९९८ मध्ये नव्या नोटांवर तमिळ अक्षरं हिंदीच्या खाली गेली, तेव्हा एवढा क्षोभ झाला की नोटा मागे घेऊन क्रम पूर्ववत करावा लागला.

पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी १९९९ मध्ये, काया हा लोकप्रिय क्रेओल गायक पोलीस कोठडीत मरण पावला आणि देश काही दिवस पेटला. त्या आगीत शतकाची ठसठस होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस साखरेला उतरती कळा लागली तेव्हा मळेवाल्यांनी जमिनीचे तुकडे विकले. ते मुख्यतः हिंदी मजुरांनी पै-पै साठवून घेतले, आणि त्या जमिनीतून शिक्षण, नोकऱ्या, सत्ता आली. गुलामांच्या वंशजांपैकी फार थोड्यांच्या वाट्याला हे आलं.

स्मृतीचंही असंच. मोका इथल्या संस्थेच्या संग्रहात ठेवलेल्या गिरमिटाच्या वह्यांत आज माणसं आपला पूर्वज शोधतात. क्रमांक सापडला की जहाज सापडतं, जहाजावरून गाव. ज्या कागदाने आजोबाला जखडलं, तोच कागद नातवाला भारताच्या ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्डासाठी उपयोगी पडतो. २०२४ मध्ये भारताने ही सवलत मॉरिशसमधल्या सातव्या पिढीपर्यंत वाढवली. गुलामाच्या वंशजाने कुठली वही उघडायची? उघडली तरी एखादा वार किंवा महिना सापडेल. सत्य आणि न्याय आयोगाने २०११ च्या अहवालात गुलामगिरी आणि गिरमिट या दोहोंचा वारसा एकत्र तपासला, आणि पोर्ट लुईच्या जुन्या लष्करी रुग्णालयात आता गुलामगिरीचं संग्रहालय उभं आहे. ते २०२३ साली खुलं झालं. गुलामगिरी संपून तेव्हा १८८ वर्षं झाली होती.

नोंदच नाही तर माणूस नाही

वहीत नाव असण्याचा जाच आतापर्यंत सांगितला. नाव नसण्याचा जाच चागोसच्या लोकांना विचारावा.

मॉरिशसच्या ईशान्येला सुमारे दोन हजार किलोमीटरवर चागोस बेटं आहेत. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून तिथे नारळाच्या मळ्यांवर गुलामांचे आणि पुढे काही गिरमिटियांचे वंशज राहत होते. घरं, चर्च, कबरी, स्वतःची क्रेओल बोली. मॉरिशसच्या स्वातंत्र्याच्या वाटाघाटी चालू असताना नोव्हेंबर १९६५ मध्ये ब्रिटनने ही बेटं मॉरिशसपासून तोडून वेगळी वसाहत केली. मॉरिशसला ३० लाख पौंड दिले. दिएगो गार्सियावर अमेरिकेला लष्करी तळ हवा होता, तोही माणसांविना.

ब्रिटिश अधिकाऱ्यांनी यासाठी लेखणीच वापरली. या बेटांवर कायमचे रहिवासी नाहीत, कराराने आलेले फिरते मजूर तेवढे आहेत, असं कागदावर मांडायचं ठरलं. पाच-पाच पिढ्या गाडल्या गेलेल्या जागेवर ‘कायम रहिवासी’ हा रकाना कोरा ठेवला. १९६७ ते १९७३ या काळात दीड ते दोन हजार माणसांना हलवलं. आधी कुणी औषधपाण्यासाठी मॉरिशसला गेलं की परतीचं जहाज नाही, मग रसद कमी, मग पाळलेली कुत्री गोळा करून गॅसने मारली, शेवटी माणसं ‘नॉर्डव्हेर’ जहाजावर. लिझबी एलिझे १९७३ साली वीस वर्षांच्या होत्या, गरोदर होत्या. त्या प्रवासानंतर त्यांचं मूल वाचलं नाही. २०१८ मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात त्यांची साक्ष क्रेओलमध्ये ऐकवली गेली.

ही माणसं पोर्ट लुईच्या रोश ब्वा, कासी अशा गरीब वस्त्यांत येऊन पडली. मॉरिशसनेही त्यांचं फार प्रेमाने स्वागत केलं असं नाही. १९८० च्या दशकात भरपाई मिळाली ती इंग्रजी कागदावर अंगठे उठवून. परतीचा हक्क सोडल्याचं त्यात लिहिलं होतं, हे अंगठा देणाऱ्या अनेकांना ठाऊक नव्हतं. आप्रवासी घाटावरची नोंद आणि हा अंगठा यांत शंभरहून जास्त वर्षांचं अंतर आहे, पण कागदाची तऱ्हा एकच.

फेब्रुवारी २०१९ मध्ये हेगच्या न्यायालयाने मत दिलं की चागोस तोडणं बेकायदा होतं. त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत ११६ विरुद्ध ६ मतांनी त्याला दुजोरा मिळाला. २२ मे २०२५ रोजी ब्रिटन आणि मॉरिशसने करारावर सह्या केल्या: सार्वभौमत्व मॉरिशसचं, पण दिएगो गार्सिया ९९ वर्षं ब्रिटनच्या ताब्यात. पोर्ट लुईत हा विजय मानला गेला. चागोसच्या लोकांत मात्र एकमत नव्हतं. काहींनी स्वागत केलं, काही ब्रिटिश कोर्टात गेले. १९६५ मध्ये बेटं देताना त्यांना विचारलं नव्हतं, आणि परत घेतानाही टेबलावर दोन सरकारंच बसली. वसाहत झालेल्या देशाच्या हातीही एक दिवस वही येते, आणि ती तो कशी चालवतो हा प्रश्न मॉरिशसला अजून सुटायचा आहे.

रकान्याबाहेरची भाषा

बेटावरच्या दहांपैकी नऊ माणसं घरी क्रेओल बोलतात. ही भाषा कुणी जहाजातून आणली नाही. मळ्यावर एकमेकांची बोली न कळणाऱ्या गुलामांनी मालकाच्या फ्रेंचचे शब्द उचलले आणि स्वतःच्या व्याकरणात बसवले. गिरमिटियांनी त्यात रोटी, चटणी, फराता मिसळलं. मालक तिला मोडकं फ्रेंच म्हणत आले. १९८३ च्या स्वातंत्र्यदिनी सरकारी दूरचित्रवाणीवर राष्ट्रगीत क्रेओलमध्ये लागलं, तर त्यावरून सत्ताधारी आघाडीत वादळ उठलं. २००९ मध्ये आर्नो कार्पुरां यांनी तिचा संपूर्ण शब्दकोश काढला आणि २०१२ पासून ती प्राथमिक शाळेत ऐच्छिक विषय झाली. पण तेव्हाही हिंदी, तमिळ, मराठीच्या ओळीत, ‘क्रेओल समाजाची पूर्वजभाषा’ म्हणून. सगळ्यांच्या जिभेवरच्या भाषेलाही एक कप्पा मिळालाच.

निघायच्या आदल्या दिवशी पुन्हा त्या सोळा पायऱ्यांवर बसलो होतो. शाळेची सहल आली होती. निळ्या गणवेशातली वीसेक पोरं पायऱ्यांवरून वर-खाली धावत होती, मोजण्याची शर्यत लावून. कुणाचे पूर्वज या पायऱ्यांनी आले, कुणाचे त्याआधी साखळीत आले, कुणाचे कँटनहून आले, हे त्यांच्याकडे पाहून सांगता येत नव्हतं आणि त्यांच्या आरडाओरड्यावरूनही नाही. सगळी एकाच भाषेत भांडत होती. बाईंनी हजेरी घ्यायला वही उघडली आणि एकेक आडनाव पुकारायला सुरुवात केली. त्या लांबलचक, चुकीच्या स्पेलिंगांच्या आडनावांना पोरं क्रेओलमध्ये ‘मो इसी’ म्हणत होती. मी इथे आहे.